डीपी काळा करा

किशोर परचुरे यांचा चेहरा कसा आहे, हे त्यांच्या फोनमधल्या निम्म्या लोकांना आठवत नव्हतं. याचा अर्थ ते घराबाहेर पडत नसत असा नाही. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते घराबाहेरच जास्त असत आणि त्याबद्दल घरातून कुणाची तक्रार नव्हती. पण फोनवर नावाशेजारी जो एवढासा गोल असतो, ज्यात माणसं आपला त्यातल्या त्यात बरा निघालेला फोटो लावतात, त्या गोलात परचुऱ्यांनी स्वतःला कधी येऊच दिलं नव्हतं. तिथे कायम दुसरंच कुणीतरी संकटात असायचं. ओडिशाच्या किनाऱ्यावरची कासवं, हिमालयातली एक नदी, बंद पडू घातलेली कुठलीशी मराठी शाळा, माळढोक. माळढोक तर अख्खा एक पावसाळा मुक्कामाला होता. बावधनच्या त्यांच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी परचुऱ्यांना लिफ्टमध्ये विचारलं होतं, "ग्रुपवरचं ते कासव तुम्हीच का?" परचुऱ्यांनी मान डोलावली आणि दोन मजले तरी त्यांची छाती फुगलेली होती.

"या सगळ्याने होतं काय?" त्यांच्या पत्नी स्नेहलताई अधूनमधून विचारत.

"पाठिंबा व्यक्त होतो."

"कासवाला कळतो?"

"प्रश्न कासवाला कळण्याचा नाही, स्नेहल. आपण कुठल्या बाजूला उभे आहोत, याचा आहे."

"सध्या गॅससमोर उभे आहात. दूध बघा."

कोळवणच्या पुढे, मोठा रस्ता सोडून भातखाचरांच्या कडेने आत गेलं की एक वाडी लागते. तिथे परचुऱ्यांनी वाडीतल्याच हैबतरावांकडून थोडी जमीन घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या आणि निम्मा आठवडा नवराबायको तिथे राहत. परचुरे त्याला 'घर' म्हणत, वाडी त्याला 'फार्महौस' म्हणे. हे परचुऱ्यांना फार लागायचं. वाडीने आपल्याला आपलं म्हणावं, एवढी एकच इच्छा निवृत्तीनंतर त्यांच्या मनात शिल्लक राहिली होती. त्यासाठी त्यांनी काय केलं नाही? सप्ताहात टाळ वाजवले. पंगतीला मांडी घालून बसले, आणि मग त्यांना उठवायला दोन वाढपी बोलवावे लागले. ज्यांना जन्मात पाहिलं नव्हतं अशा एका आजोबांच्या दहाव्याला जाऊन घरच्यांपेक्षा जास्त रडले. तरी मागच्या लग्नसराईत आलेल्या पत्रिकेच्या पाकिटावर लिहिलं होतं, 'श्री. फार्महौसवाले, पांढरी गाडी.' त्या खोऱ्यात पांढऱ्या गाडीचे फार्महौसवाले पुष्कळ असल्यामुळे ती पत्रिकाही आधी इतरत्र हिंडून मगच त्यांच्याकडे आली होती.

मे संपत आला होता. एका संध्याकाळी अंगणातल्या हिरड्याच्या झाडावर परचुऱ्यांना चार-सहा काजवे दिसले आणि ते हरखून गेले. लगेच त्यांनी फोनवर काजव्यांची सगळी माहिती काढली. काजवे म्हणे उजेडाची उघडझाप करून एकमेकांना शोधतात. पण हल्ली माणसांच्या दिव्यांमुळे त्यांना एकमेकांच्या खुणाच दिसत नाहीत, आणि त्यामुळे त्यांची लग्नं जमत नाहीत. मुलीसाठी स्थळं बघताना परचुऱ्यांची बरीच दमछाक झालेली असल्यामुळे हे दुःख त्यांना अगदी घरचं वाटलं.

"मग आधी आपल्या फाटकावरचा दिवा बंद करा," स्नेहलताई म्हणाल्या. फाटकावर एक दणदणीत पांढरा दिवा होता. तो दिवेलागणीला लागायचा तो उजाडल्यावरच विझायचा.

"तो सुरक्षिततेचा विषय आहे. शिवाय एका दिव्याने काय होणार? इथे जनजागृती पाहिजे."

परचुरे जनजागृतीला बसले म्हणजे घरात रेडिओसुद्धा लावता येत नसे. बरीच खाडाखोड करून त्यांनी मजकूर तयार केला. 'काजव्यांना अंधार हवा आहे. येत्या गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता सर्वांनी एकाच वेळी आपापला डीपी काळा करा. एकजूट दाखवा. — किशोर परचुरे.'

हा मजकूर त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. काळा एवढाच शब्द वाचून तिथे पहिली विचारणा आली, 'कोण गेलं?' एका गृहस्थांनी तर न विचारताच श्रद्धांजली वाहून टाकली. मग परचुऱ्यांनी तोच मजकूर वाडीच्या ग्रुपवर टाकला. तिथून फक्त शंभूचा अंगठा आला.

शंभू म्हणजे परचुऱ्यांच्या घराची देखभाल करणारा पन्नाशीचा गृहस्थ. साहेबांवर त्याचा जीव होता, आणि साहेबांनी सांगितलेलं काम विचार करत बसून लांबणीवर टाकणं त्याला कधीच आवडलं नाही. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. फोनवरच्या त्या गोलातल्या चित्राला वाडीत 'फोटू' म्हणतात. वाडीत डीपी म्हणजे विजेची डीपी, खांबावरचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याखालची फ्यूजची पेटी मिळून जी होते ती. डीपी उडते, डीपी जळते, डीपी नवीन बसवतात. डीपी ठीक असेल तर गिरणी चालते, नळाला पाणी येतं आणि घराघरांत बरं बोलणं होतं. परचुऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण पाठिंबा देताना माणसाच्या डोक्यात इतक्या खालच्या गोष्टी येत नाहीत.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद असते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्या गुरुवारी दुपारी परचुरे ओट्यावर बसून आपल्या मजकुराला कुणी लाल बदाम दिलाय का, हे पाहत होते. समोरून शंभू चालला होता. एका हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला बांधलेला कुंचा आणि दुसऱ्या हातात वाफाळता डबा.

"काय शंभू, कुठे?"

"तुमचंच काम, साहेब."

"शाबास," परचुरे मान वर न करता म्हणाले.

संध्याकाळी लाइट आली. आठच्या ठोक्याला परचुऱ्यांनी आपला डीपी काळा केला. त्याच वेळी लांबवर कुठेतरी मोठा आवाज झाला. कुणीतरी उत्साहाने फटाका लावला असेल असं समजून ते अंगणात आले आणि बघतात तो काय, सगळी वाडी काळीकुट्ट. देवळापुढचा दिवासुद्धा बंद. परचुऱ्यांच्या घरात इन्व्हर्टर असल्यामुळे त्यांचे दिवे जसेच्या तसे होते, त्यामुळे लाइट गेली असेल ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. त्यांना वाटलं, वाडीने त्यांची हाक ऐकली. नुसते डीपी नाहीत, लोकांनी घरातले दिवे मालवले. पलीकडच्या उतारावर बघता बघता झाडंच्या झाडं लुकलुकायला लागली. त्यांच्या हिरड्यावर फाटकाच्या दिव्यामुळे तसं काही झालं नाही, पण तिकडे बघायला त्यांना सवड नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी काळोखाचा एक फोटो काढला, तो अर्थातच काळा आला, आणि वाडीच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'आज माझ्या एका हाकेसरशी अख्ख्या वाडीने अंधार केला. हे श्रेय मी घेत नाही. पण हाक माझी होती, एवढं नम्रपणे नमूद करतो.'

सकाळी फाटकाशी गर्दी दिसली तेव्हा परचुऱ्यांनी घाईघाईने झब्बा चढवला. सत्कार घरीच उरकणार असतील तर खुर्च्या कमी पडतील, अशीही चिंता त्यांना वाटली. सगळ्यांच्या पुढे आबेदाबी होती. वाडीतली गिरणी तिची. नवरा ताजुद्दीन बाजारगावात मसाल्याचं दुकान सांभाळायचा आणि गिरणी, कांडपयंत्र आणि त्यापायी येणाऱ्या शिंका आबेदाबी एकटी सांभाळायची. तिच्या डोक्यावर लाल मिरच्यांची पाटी होती.

"साहेब, काल अंधार तुमी केला म्हणं," ती म्हणाली.

"मी एकट्याने नाही. आपण सगळ्यांनी मिळून," परचुरे लाजून म्हणाले.

"आमी न्हाई केला. आमी अंधारात बसलो व्हतो."

मग वायरमन नथू पुढे झाला. त्याने उजवा पंजा वर करून दाखवला, तो डांबराने काळा झाला होता आणि बोटं एकमेकांना चिकटली होती. "डीपीच्या पेटीला कुणीतरी डांबर फासलंया. दार, फटी, समदं लिपून काढलं. लाइट आली, पेटी तापली, डांबर फ्यूजांवर गळालं आन् वरचा ट्रान्सफार्मर बी गेला." डाव्या हाताने त्याने खिशातून फोन काढला आणि खड्या आवाजात वाचलं, "'आठ वाजता सर्वांनी एकाच वेळी आपापला डीपी काळा करा.' खाली नाव परचुरे. ह्ये तुमीच लिवलं ना?"

परचुऱ्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि तो पडला नसता तर बरं, असं त्यांना वाटलं. "अहो, तो डीपी वेगळा," ते म्हणाले. "हे पाहा, मी 'काळा' लिहिलंय. माझा तो डीपी. तुमची ती डीपी. मला तुमची म्हणायची असती तर मी 'काळी करा' असं लिहिलं नसतं का? कृपा करून लिंगाकडे लक्ष द्या."

बायकामाणसांसमोर हा शब्द आल्याबरोबर हैबतराव मोठ्याने खाकरले. व्याकरण तिथेच संपलं.

"मला बी तसंच वाटलं व्हतं," गर्दीतून आनंदी आवाज आला. तो शंभू होता. "म्हणलं, साहेबांचं लिवताना चुकलं असंल. म्हून मी 'काळी' असंच धरून चाललो. रस्त्याचं उरल्यालं डांबर हायच आपल्याकडं. पेटी लई चकाकत व्हती, काजव्यास्नी सोसत नसंल."

सगळे शंभूकडे पाहायला लागले. नथू म्हणाला, "म्हंजे तू केलंस व्हय? ह्ये नुकसान हाय. ठाण्यात नाव द्यावं लागंल." शंभूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. त्याने साहेबांकडे पाहिलं. आजवर परचुऱ्यांनी बाजू घेतलेल्या सगळ्या जिवांमध्ये त्यांच्याकडे असं थेट बघणारं कुणी नव्हतं. कासवाने कधी पाहिलं नव्हतं, माळढोकाने तर नाहीच. परचुरे घाबरले होते, पण तोंडातून निघून गेलं.

"शंभूचं नाव नको. मी सांगितलं म्हणून त्याने केलं. जबाबदारी माझी. डीपी मी आणून देतो."

बोलून झाल्यावर त्यांना घेरीच यायची होती, पण उभ्या गर्दीत कुणी बसायला जागा देईना.

"कदी आणनार?" आबेदाबीने विचारलं. "खोऱ्यातल्या समद्यांच्या मिरच्या माझ्या दारात पडल्यात. हवा फिरली की सर्दावतील. मंग वरीसभर लोकांनी काय, तुमचं श्रेय खायाचं?"

सल्ल्यांना तोटा नव्हता. हैबतराव म्हणाले, डीपी अशी मिळत न्हाई, वळख लागती. आणखी कुणी म्हणालं, निवेदन द्या. कुणी म्हणालं, निवेदनाने डीपी लांबते, त्यापेक्षा रस्ता अडवा. वाडीच्या रस्त्यावर म्हशींखेरीज अडवण्यासारखं काही नव्हतं. परचुऱ्यांनी सगळ्यांचं ऐकलं आणि आत जाऊन आपल्या स्वभावाप्रमाणे पहिलं काम केलं. डीपीवर मेणबत्ती लावली. 'अंधारातल्या वाडीसाठी एक ज्योत.' सोसायटीने यावेळी कमाल केली. दुपारपर्यंत बावधनमध्ये घरोघर मेणबत्त्या लागल्या. परचुरे भारावून आबेदाबीला दाखवायला गिरणीवर गेले. तिने फोन हातात घेऊन नीट निरखला आणि कांडपयंत्राच्या मोटरजवळ नेऊन धरला.

"चालतीया का बघा बरं," ती म्हणाली.

परचुरे निमूटपणे फोन घेऊन परत आले. स्नेहलताईंनी त्यांना काही विचारलं नाही. नुसती गाडीची किल्ली आणि पाण्याची बाटली पुढे केली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोने टोमणा मारला नाही की माणसाला परिस्थितीचं गांभीर्य कळतं.

विजेच्या ऑफिसात अपेक्षा नावाच्या तरुण इंजिनिअर बाई होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "डीपी कुणाची?"

"वाडीची."

"असं नसतं, काका. प्रत्येक डीपीला नाव असतं. देवळाची डीपी, मळ्याची डीपी. हं, ही बघा. तुमची आहे ती कोंडाजीची डीपी. मग त्यांना घेऊन या."

कोंडाजी म्हणजे हैबतरावांचे चुलते. ज्यांच्या बांधावर डीपी उभी होती ते. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. परचुऱ्यांनी तिथूनच हैबतरावांना फोन लावला आणि वारस म्हणून सही कराल का, असं विचारलं.

"कोंडाजींशी आमचं बोलणं न्हाई," हैबतराव म्हणाले.

"अहो, पण ते वारलेत ना?"

"वारले म्हून काय झालं?"

शेवटी अपेक्षा मॅडमनीच तोड काढली. नवीन डीपीला नवीन नाव लावता येतं. अट एवढीच, की माणूस जिवंत हवा आणि त्याची सगळी बिलं भरलेली हवीत. वाडीत या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या करणारे फक्त परचुरे निघाले, कारण त्यांचं बिल बँकेतून परस्पर जायचं. मग प्रश्न आला जळण्याच्या कारणाचा.

"कारण काय लिहू?"

"काजव्यांना पाठिंबा."

"तसा पर्याय नाहीये. वीज पडणे, जादा भार, खार, साप. साप लिहू का? बहुतेक जण साप लिहितात."

परचुरे ताठ झाले. सापांबद्दल समाजात आधीच किती गैरसमज आहेत, सापाचा डीपी आपण स्वतः नागपंचमीचा सगळा आठवडा कसा ठेवला होता, आणि एका निरपराध सरपटणाऱ्या जिवावर हा आळ येऊ देणं आपल्या तत्त्वात कसं बसत नाही, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. मागची रांग वाढत गेली. खारीलाही त्यांनी नकार दिला. अपेक्षा मॅडमनी 'इतर' वर टिचकी मारली. अशा रीतीने परचुऱ्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत परिणामकारक आंदोलनाची सरकारदरबारी 'इतर' म्हणून नोंद झाली.

"डीपी गोदामात आहे, काका. पण गाडी नाहीये. गाडी कधी येईल सांगता येत नाही. पण आमचा पूर्ण पाठिंबा आहे तुम्हाला. हे बघा." त्यांनी आपला फोन पुढे केला. बावधनला राहणाऱ्या त्यांच्या मावशीकडून फिरत फिरत आलेली मेणबत्ती त्यांच्याही डीपीवर तेवत होती.

परचुऱ्यांनी त्या मेणबत्तीकडे बराच वेळ पाहिलं. आपल्यालाच कुणीतरी आरशात दाखवावं तसं त्यांना वाटलं, आणि मनापासून चीड आली. मेणबत्तीची नव्हे, त्या मुलीचीही नव्हे. "मॅडम, हे विझवा," ते म्हणाले, "आणि मला गाडी आणायची परवानगी द्या."

गाडी म्हणजे हैबतरावांचा ट्रॅक्टर. कोंडाजीचं नाव जाणार, हे कळल्यावर त्यांनी तो हसत हसत दिला आणि चालवायला स्वतः बसले. गोदाम नेमकं बावधनच्या बाजूला निघालं. डीपी ट्रॉलीत चढली. ती हलू नये म्हणून एका बाजूने शंभूने आणि दुसऱ्या बाजूने परचुऱ्यांनी तिला मिठी मारायची, असं सोबत आलेल्या नथूने ठरवलं. त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी संध्याकाळी फिरायला बाहेर पडले होते. त्यांनी रस्त्याच्या कडेला थांबून पाहिलं, तर ट्रॉलीत परचुरे, पांढऱ्या झब्ब्यावर तेलाचे ओघळ, आणि ते एका लोखंडी पिंपाला कवटाळून बसलेले. सेक्रेटरींनी विचारलं, "परचुरे, सगळं ठीक ना?" परचुऱ्यांना हात हलवायचा होता, पण हात सोडला तर डीपी कलंडेल, या भीतीने त्यांनी फक्त भुवया हलवल्या. पिरंगुटच्या घाटात तर त्यांनी डोळेच मिटले. माळढोकासाठी एवढं कुणी केलं असतं तर आज माळढोक घराघरांत असता.

वाडीच्या तोंडाशी बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. डीपीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, मग त्याच बोटाने परचुऱ्यांच्या कपाळालाही कुंकू लागलं. नथूने डीपी चढवली, तारा जोडल्या. लाइट आली आणि गिरणीतून कांडपयंत्राचा धडधडाट सुरू झाला. थोड्याच वेळात वाऱ्यावर तिखट पसरलं आणि सगळी वाडी एकदम शिंकायला लागली. आबेदाबी नाकाला पदर लावून दारात उभी होती. परचुऱ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्यातलं मिरचीचं किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण वाडीला उपकाराची परतफेड करायची होती. हैबतरावांनी पुढाकार घेऊन परचुऱ्यांच्या घरासमोरच्या खांबावर एक भलामोठा फोकस बसवला. "साहेबांच्या दारात अंधार नको," असं म्हणून त्यांनी तो स्वतः लावूनही दाखवला. फोकस असा होता, की त्याच्या उजेडात हिरड्याची पानं मोजता येत होती. काजवा एकही नव्हता. उतारावरची लुकलुकसुद्धा दिसेनाशी झाली.

परचुरे दोन-चार संध्याकाळी ओट्यावर बसून त्या फोकसकडे बघत राहिले. बंद करा म्हणावं, तर इतक्या वर्षांनी मिळालेला मान परत केल्यासारखा होणार. आताशी कुठे लोक चहाला बोलवायला लागले होते. न म्हणावं, तर काजव्यांचं काय? शेवटी धीर करून ते हैबतरावांकडे गेले आणि खाली मान घालून म्हणाले, "तुमचा फोकस फार छान आहे. पण त्याच्यामुळे काजवे येत नाहीत."

"मंग मालवा की," हैबतराव म्हणाले. "त्यात काय एवढं? तुमी मागं उगंच काळं काळं लिवत बसला. 'दिवं मालवा' असं दारावर येऊन म्हणला असता, तर तवाच मालवलं असतं. नथूला फोन लावा."

परचुऱ्यांनी तिथूनच फोन लावला. शंभू शेजारी उभा होता.

"तो फोकस बंद करायचा होता," परचुरे म्हणाले.

"कुटला फोकस?"

"आमच्या घरासमोरचा."

"कुटलं घर? डीपीचं नाव सांगा. लई वाड्या हायेत माझ्याकडं."

"ती कोंडाजींच्या बांधावरची—"

"कोंडाजीची डीपी आता न्हाई. नीट नाव सांगा."

"परचुऱ्यांची म्हणा की," शंभू हळूच म्हणाला.

परचुऱ्यांचा आवाज बारीक झाला. "परचुऱ्यांची डीपी."

"मंग आदी बोलायचं. आपल्या परचुऱ्यांची व्हय? करतो बंद. तुमी कोन बोलताय?"

'आपल्या' हा शब्द परचुऱ्यांच्या कानात अजून घुमत होता. "मी परचुरेच," ते अखेर म्हणाले.

"मंग आपल्याच डीपीचं नाव सांगाया एवढं लाजताय कशाला?" असं म्हणून नथूने फोन ठेवला.

संध्याकाळी फोकस विझला. स्नेहलताई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी फाटकाकडे पाहिलं. फाटकावरचा पांढरा दिवा नेहमीसारखा झगझगत होता. परचुरे उठले, फाटकापर्यंत गेले आणि भिंतीवरचं बटण दाबलं. ते बटण इतकी वर्षं तिथेच, हाताशी होतं. ते ओट्यावर परत येईपर्यंत हिरड्यावर पहिला काजवा दिसला, मग आणखी काही. परचुऱ्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला.

"साहेब," अंधारातून शंभू म्हणाला, "उजेड पडंल."

परचुऱ्यांनी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी विचारलं, 'परचुरे, तुमच्या डीपीचं काय? अजून मेणबत्तीच दिसतेय. तब्येत ठीक ना?'

परचुऱ्यांनी क्षणाचाही विचार न करता लिहिलं, 'ठणठणीत आहे. नवीनच बसवली. तेल भरलं, कुंकू लावलं, आता आबेदाबींची गिरणीसुद्धा तिच्यावरच चालते.'

मग ग्रुपवरच्या मागच्याच गृहस्थांनी पुन्हा श्रद्धांजली वाहिली.